आधी जिमखान्याचा हिशेब, मग संघांना कात्री: महाविद्यालयाच्या व्यवस्थापनाला खुले पत्र

मा. अध्यक्ष, सचिव आणि प्राचार्य यांस,

स. न. वि. वि.

महाविद्यालयाच्या सूचना फलकावर या महिन्यात शेजारी-शेजारी दोन नोटिसा लागल्या आहेत. पहिली म्हणते, निधीअभावी यंदा पुरुष कबड्डी आणि कुस्ती वगळता कोणत्याही खेळाचा संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला जाणार नाही. दुसरी म्हणते, तुळशीच्या लग्नापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत मैदान लग्नकार्य आणि प्रदर्शनांसाठी भाड्याने मिळेल, चौकशी कार्यालयात करावी. एकीत पैसे नाहीत, दुसरीत पैसे येणार आहेत. ते येऊन कुठल्या खात्यात बसणार, हे मात्र दोन्हींत नाही.

आम्ही या महाविद्यालयाकडून खेळलेले माजी विद्यार्थी. आमच्यातले काही जण आज पंच आहेत, काही शाळांत क्रीडाशिक्षक आहेत, काही इतर महाविद्यालयांचे संघ घेऊन फिरतात. काहींची मुले, पुतणे, भाच्या आज इथेच शिकतात आणि प्रवेशाच्या पावतीवर जिमखाना शुल्क भरतात. हे पत्र खासगीत देता आले असते. पण शुल्क जाहीर पावतीवर घेतले जाते, तेव्हा त्याबद्दलचे बोलणेही चारचौघांत झालेले बरे.

आधी पावतीकडेच पाहू. तिच्यावर खेळाशी संबंधित दोन रकमा असतात. एक विद्यापीठाचे क्रीडा शुल्क. ते तुम्ही गोळा करून विद्यापीठाकडे भरता, त्यावर महाविद्यालयाचा हक्क नाही आणि त्याचा बोजाही नाही. दुसरे जिमखाना शुल्क, ते इथेच राहते. 'विद्यापीठालाच एवढे द्यावे लागतात, आमच्याकडे उरते काय' हे वाक्य दर वर्षी ऐकू येते, ते या दोन रकमा एकत्र करून. शिवाय अकरावी-बारावीची मुलेही जिमखाना शुल्क देतात. त्यांच्या स्पर्धा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाच्या, वरिष्ठ महाविद्यालयाच्या विद्यापीठाच्या. दोन्ही वाटा वेगळ्या, वयोगट वेगळे, वेळापत्रकही वेगळे. कीर्दीत मात्र दोन्हींची जमा एका ओळीत आणि खर्च एका ओळीत असला, तर कुणाचा पैसा कुणाच्या ट्रॅकसूटला गेला हे प्राचार्यांनाही सांगता येणार नाही.

खर्च कोण करतो हेही बाहेरच्यांना नीट माहीत नसते. बहुतेक ठिकाणी पद्धत अशी: विभागीय स्पर्धेपर्यंत सगळे महाविद्यालयाच्या अंगावर. तिथून खेळाडू विद्यापीठाच्या संघात निवडला गेला, की सराव शिबिर, पश्चिम विभागीय किंवा अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा, तिथला प्रवास आणि भत्ता विद्यापीठाचा. म्हणजे महाविद्यालयाने पहिल्या पायरीचा खर्च केला नाही, तर पुढच्या पायऱ्यांचा पैसा तयार असूनही मुलगा तिथवर पोहोचतच नाही. आंतरविद्यापीठ स्पर्धेची वयोमर्यादा १७ ते २५ वर्षे आहे आणि पदवीचा अभ्यासक्रम साधारण तीन-चार वर्षांचा. एक हंगाम बुडाला की हातातल्या तीन-चारांपैकी एक गेला.

आता ही पहिली पायरी किती रुपयांची? एका कबड्डी संघाचा हिशेब मांडतो, कार्यालयाने आपल्या व्हाउचरशी ताडून पाहावा. स्पर्धेचे ठिकाण १२० किलोमीटरवर धरू. साध्या एसटीचे तिकीट दोनशेच्या आसपास. १२ खेळाडू आणि एक व्यवस्थापक, जाऊन-येऊन ५,२०० रुपये. नाश्ता-जेवण माणशी दिवसाला ३०० धरले तर दोन दिवसांचे ७,८००. मुक्काम यजमान महाविद्यालयाच्या वर्गखोलीत, सतरंजी त्यांची, चादर आपली. जर्सी-चड्डीची जोडी ६०० रुपयांना, १२ जोड्या ७,२००. कापड बरे असेल तर दोन हंगाम चालतात, म्हणून वर्षाला ३,६००. क्रेप बँडेज, चिकटपट्टी, स्प्रे, बर्फ, ग्लुकोज १,५००. बेरीज १८,१००.

पट हजाराचा आणि जिमखाना शुल्क २०० रुपये धरले, तर जमा दोन लाख. असे आठ सांघिक संघ पाठवायला १,४४,००० ते १,४५,०००. क्रॉसकंट्री, ॲथलेटिक्स, बुद्धिबळ, कुस्ती यांना माणसे थोडी लागतात, त्यांचे ३०,००० धरा. उरले पंचवीस हजार, त्यात चेंडू, जाळी आणि मैदान आखायची फक्की. ओढाताण आहे, हे आम्हालाही दिसते. पण ओढाताण म्हणजे दोन संघ सोडून बाकी सगळे बंद, असे कुठल्याही गणितात बसत नाही. बसवायचे असेल तर मधली रक्कम दुसरीकडे गेलेली असावी लागते.

एक गोष्ट या हिशेबात मुद्दामच धरलेली नाही. संघ जिंकला तर खर्च वाढतो. विभागात पहिला आला की आंतरविभागीय स्पर्धा, पुन्हा प्रवास, पुन्हा दोन-तीन दिवसांचा भत्ता, तोही अनेकदा आठवडाभराच्या सूचनेवर. हरलेला संघ संध्याकाळच्या गाडीने परत येतो आणि बजेटात राहतो. त्यामुळे संघ पहिल्याच फेरीत बाद झाला की कार्यालयात सुटकेचा श्वास सोडला जातो, हे उघडे गुपित आहे. यावर उपाय साधा आहे: वर्षाच्या सुरुवातीलाच जमेचा दहावा हिस्सा 'पुढील फेरी' म्हणून बाजूला काढावा आणि ३१ जानेवारीपर्यंत त्याला हात लावू नये.

दोनच संघ ठेवताना 'ज्या खेळात पदक येते तोच खेळ' असा निकष लावला आहे. पदक येते तिथे पैसे, म्हणून पैसे जातात तिथेच पदक. खो-खोचा संघ तीन वर्षे मैदानावर उतरला नाही, तर चौथ्या वर्षी त्याच्याकडून पदकाची अपेक्षा कोण करणार? खो-खो तर या सगळ्यांत स्वस्त. २७ बाय १६ मीटर जागा, दोन खांब, सुतळी आणि फक्की. चेंडू नाही, जाळी नाही, बॅट नाही. तो निधीअभावी बंद करावा लागला असेल, तर निधी या शब्दाचा अर्थ कार्यालयाने एकदा समजावून सांगावा.

आणि मुलींचा एकही संघ ठेवलेला नाही. कारण तोंडी असे सांगितले जाते की मुलींना पाठवणे महाग पडते. ते खोटे आहे. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे तिकीट आहे. वरच्याच हिशेबात मुलींचा संघ आणि महिला व्यवस्थापक घाला, प्रवासाचे ५,२०० ऐवजी २,६०० होतात आणि बेरीज १५,५०० वर येते. मुलांपेक्षा कमी. खरी अडचण पैशाची नाहीच. मुलींच्या संघाबरोबर महिला व्यवस्थापक जावी लागते आणि ऐन स्पर्धेच्या आदल्या दिवशी ती कोण, हे ठरलेले नसते. कुणाची अंतर्गत परीक्षा, कुणाच्या घरी आजारपण. मग फोन येतो की संघ रद्द. एंट्री भरलेली असते, न गेल्याबद्दल दंडही लागतो, आणि तो दंड पुन्हा जिमखान्यातून! जूनमध्येच तीन प्राध्यापिकांची आळीपाळीने नेमणूक करून त्यांचे तास कोण घेणार हे वेळापत्रकात लिहिले, तर हा प्रश्न एका सभेत सुटतो. मुलींसाठी जर्सी घेताना पुरुषांच्या 'मीडियम'चा गठ्ठा उचलू नये, एवढेही लक्षात ठेवावे.

पैसे खर्च होतात त्याची तऱ्हा पाहिली तर तूट कुठून येते हे कळते. हंगाम ऑगस्ट ते जानेवारी. खरेदी मार्चमध्ये. तीन दरपत्रके मागवली जातात, पुष्कळदा एकाच अक्षरात लिहिलेली, आणि आर्थिक वर्ष संपायच्या आत रक्कम संपवली जाते. व्हॉलीबॉल मार्चमध्ये घेतला की उन्हाळाभर कपाटात पडून पुढच्या ऑगस्टला ब्लॅडर मऊ आणि शिवण सैल. क्रिकेटच्या बॅटला तेल न लावता तसेच ठेवले की पहिल्याच सरावात कड उडते. ट्रॅकसूट वार्षिक पारितोषिक वितरणाच्या दिवशी वाटले जातात, फोटोसाठी. तोपर्यंत अंतिम वर्षाचा मुलगा खेळून मोकळा झालेला असतो, ट्रॅकसूट घालून तो थेट परीक्षेलाच बसतो. आणि त्या समारंभातली शाल, श्रीफळ, हार, मंडप, ध्वनिक्षेपक यांचा खर्चही जिमखान्याच्याच डोक्यावर टाकण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. पाहुण्यांचा सत्कार जरूर करावा, पण तो खेळ या खात्यात येत नाही.

आगाऊ रकमेचेही तेच. संघ सोमवारी निघायचा, अर्ज गुरुवारी दिला, शुक्रवारी सही नाही, शनिवारी रोखपाल रजेवर. मग व्यवस्थापक पदरमोड करतो, नाहीतर मुले आपापल्या तिकिटाचे काढतात. परतीची बिले मंजूर व्हायला महिने लागतात. हॉटेलच्या कच्च्या पावत्या लेखापरीक्षकाला चालत नाहीत म्हणून भत्ता कापला जातो. तालुक्याच्या बसस्टँडवरचा खानावळवाला जीएसटी क्रमांकासह छापील बिल देत नाही, हे लेखापरीक्षकालाही ठाऊक आहे. ठरावीक दैनिक भत्ता आणि खेळाडूची सही असलेला तक्ता, एवढ्यावर हे काम रीतसर होते, तसा ठराव फक्त व्हायला हवा.

मैदानाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तिथे होणारे नुकसान कागदावर कधीच येत नाही.

मांडववाले पहारीने दीड-दीड फूट खोल खुंट ठोकतात. काम झाले की खुंट उपटतात आणि भोक पायाने माती ढकलून झाकतात. वरून सपाट दिसते, आत पोकळ असते. पहिल्या पावसात किंवा पहिल्याच धावण्यात टाच आत जाते आणि घोटा मुरगळतो. असे भोक बुजवायची रीत म्हणजे सैल माती आधी उकरून काढायची, ओला मुरूम तीन-चार इंचांच्या थरांत भरायचा, प्रत्येक थर धुमसने ठोकायचा, पाणी मारून एक रात्र सोडायचे आणि मग रोलर फिरवायचा. एका मोठ्या मांडवाची अशी भोके पन्नास-साठ सहज होतात. त्याला मजुरी लागते. भाडे घेताना ती कुणी धरली आहे?

पुढे गालिच्याचे खिळे, सजावटीच्या पिना, बाटल्यांच्या काचा. झाडूने त्या निघत नाहीत, जाड चुंबक दोरीला बांधून जागा इंच-इंच ओढत जावी लागते. आचाऱ्याच्या भट्टीखालची जमीन भाजते, तेल आणि उष्ट्याचे पाणी मुरते, त्या चकत्यांवर वर्षभर गवत धरत नाही. पाहुण्यांच्या गाड्या लावायला धावमार्गावर खडी टाकली जाते. ट्रक लांब उडीच्या वाळूत मागे घेतले जातात, मग तिथली वाळू चाळल्याशिवाय त्यात उडी मारणे म्हणजे गुडघा जुगारात लावणे. धावमार्गाच्या कायमच्या खुणा, म्हणजे वळणाच्या केंद्राचे खुंट, एकदा उपटले गेले की पुन्हा टेप लावून मार्ग आखायला जाणकार माणसाचा अख्खा दिवस जातो. आणि आखताना कुणी घाईत फक्कीऐवजी कळीचा चुना ओतला की पडलेल्या खेळाडूची कातडी भाजते. हे सगळे कधी? नोव्हेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे आंतरविद्यापीठ स्पर्धांचा हंगाम ऐन भरात असताना.

कबड्डीचा संघ ठेवला त्याबद्दल आभार, पण त्याचेही पाहा. स्पर्धा मॅटवर, सराव मातीवर. मातीत अनवाणी पाय घसरतो, मॅटवर बूट रोवला जातो. मातीची सवय असलेला चढाईपटू मॅटवर अचानक वळला की पाय जागच्या जागी, आणि गुडघा फिरतो. पुरुषांचे मैदान १३ बाय १० मीटर, म्हणजे एक मीटर चौरसाचे १३० तुकडे. मुलींचे १२ बाय ८ त्यातच बसते. महाविद्यालयाकडे मॅट आहे, पण तुकडे सभागृहाच्या मागे उन्हात उभे रचून ठेवले आहेत. उन्हाने फोम आकसतो, कडेचे दाते मोडतात, जोडल्यावर दोन तुकड्यांत बोटभर फट राहते आणि नेमके पायाचे नख तिच्यात अडकते. आडवे, सावलीत, दहा-दहाच्या थप्पीत ठेवायला एक पैसा लागत नाही. खराब तुकडे डेडस्टॉक रजिस्टरमधून, म्हणजे साहित्याच्या नोंदवहीतून, रीतसर कमी करून तेवढेच नवे घ्यावेत, सबंध मॅट बदलण्याची गरज नाही.

याच वेळी नव्या शैक्षणिक धोरणानुसार सहअभ्यासक्रमात क्रीडा आणि योगाची श्रेयांके (क्रेडिट) दिली जातात. प्रात्यक्षिकाचे एक श्रेयांक म्हणजे ३० तास. दोन श्रेयांकांचे ६० तास मुलांनी कुठे काढायचे, बुफेच्या टेबलांमध्ये? महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालात खेळातल्या पदकांची नोंद मागतात, तेव्हा जुन्या प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स काढायला माजी विद्यार्थ्यांना फोन येतात. आम्ही त्या आनंदाने पाठवतो. पण पदके मिळवायचा रस्ता बंद करून पदकांचे रकाने भरायचे, हे जमत नाही.

व्यवस्थापनाच्या अडचणी आम्हाला दिसत नाहीत असे नाही. महाडीबीटीची, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीची, रक्कम उशिरा येते आणि तोवर अनेकांचे शुल्क कागदावरच राहते. २५ जानेवारी २०२५ पासून एसटीचे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले. रेल्वेने मार्च २०२० मध्ये थांबवलेल्या सवलतींत खेळाडूंचीही होती. दुसऱ्या बाजूला २२ सप्टेंबर २०२५ पासून खेळाच्या साहित्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. जुनी दरपत्रके पुढे करून खरेदी होऊ नये म्हणून हेही सांगून ठेवतो. व्यायामशाळेच्या साहित्याला ही सूट लागू नाही.

दर १५ जानेवारीला, राज्य क्रीडादिनी, आपल्या सभागृहात खाशाबा जाधवांची गोष्ट सांगितली जाते. या कुस्तीगिराला १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाता यावे म्हणून राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही ती गोष्ट. टाळ्याही पडतात. आम्ही कुणाला घर गहाण ठेवायला सांगत नाही. सांगतो ते एवढेच:

जिमखाना शुल्काचे खाते वेगळे करा, त्यात कनिष्ठ आणि वरिष्ठ महाविद्यालयाची जमा-खर्चाची पाने वेगळी ठेवा आणि मागच्या तीन वर्षांचा हिशेब त्याच सूचना फलकावर लावा. अनुदानित महाविद्यालय माहिती अधिकार कायदा २००५ च्या कक्षेत येते आणि कलम ४ प्रमाणे अशी माहिती स्वतःहून जाहीर करायची असते. अर्ज करायची वेळ आणू नका.

संघ बंद करण्याचा निर्णय मागे घ्या. निकष पदकाचा नको, सरावाचा लावा: ज्या खेळाचे पुरेसे पात्र खेळाडू सहा आठवडे सरावाला आले, त्याची एंट्री भरायची. मुलींच्या संघांना तोच निकष. यादी महाविद्यालय विकास समितीसमोर ठेवा. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ च्या कलम ९७ ने ही समिती दिली आहे, अर्थसंकल्प तयार करणे हे तिच्या कामांपैकी एक आहे आणि तिच्यात विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधींनाही जागा आहे. ती जागा रिकामी असेल, तर निदान दोन खेळाडूंना निमंत्रित म्हणून बोलवा.

खरेदी ऑगस्टच्या आत, आगाऊ रक्कम संघ निघण्याच्या तीन दिवस आधी, आणि क्रीडा विभागाकडे कायम फिरता निधी, मग तो दहा हजारांचा का असेना.

मैदान सप्टेंबर ते फेब्रुवारी भाड्याने देऊ नका. फेब्रुवारीनंतर द्यायचेच असेल, तर धावमार्ग आणि कबड्डी-खो-खोची मैदाने दोरी बांधून वगळा, दुरुस्तीची अनामत घ्या, ती क्रीडा शिक्षकाच्या पाहणीनंतरच परत करा, आणि भाडे जिमखाना खात्यात जमा करा. दोन्ही नोटिसांतला हिशेब तेव्हा जुळेल.

विभागीय स्पर्धांच्या एंट्रीची मुदत तोंडावर आहे. पात्रता अर्ज, बोनाफाईड, ओळखपत्रे आणि फोटो गोळा करायलाच आठ-दहा दिवस जातात, म्हणून लेखी उत्तर पंधरा दिवसांत मिळावे. दरम्यान मैदानावर मागच्या हंगामाचे खिळे अजून आहेत. येत्या रविवारी सकाळी सात वाजता आम्ही चुंबक, घमेली आणि धुमस घेऊन येत आहोत. मुरुमाची एक ट्रॉली आम्ही आणतो. मागच्या गेटची चावी शनिवारी संध्याकाळी शिपायाकडे ठेवावी, ही विनंती.

आपले,
महाविद्यालयाचे माजी खेळाडू